जपानमध्ये बँक खातं, सुइका आणि पेपे: गाडी अडते ती नावापाशी

जपानला नोकरीसाठी किंवा शिकायला येणाऱ्यांना पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो बँक खात्याचा. लोक म्हणतात भाषा येत नाही म्हणून. ते अर्धंच खरं आहे. इथली यंत्रणा तुमचं नाव, पत्ता आणि व्हिसाची मुदत अक्षरन् अक्षर ताडून बघते. या तीन गोष्टी सगळीकडे सारख्या असल्या तर जपानी अजिबात न येणाऱ्याचंही खातं निघतं. एका जरी ठिकाणी फरक पडला, तर पगार परत जातो, ॲप ओळख पटवून घेत नाही, आणि कुठे चुकलं हे कुणी नीट सांगतही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, खास करून मराठी नावाच्या माणसांसाठी, कारण आपल्या नावांच्या अडचणी थोड्या वेगळ्या आहेत.

आधी क्रम. नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरल्या उतरल्या रेसिडेन्स कार्ड हातात मिळतं. इथे त्याला झाइर्यू कार्ड म्हणतात. त्यावर पत्ता नसतो, आणि पत्त्याशिवाय ते बँकेला चालत नाही. राहायची जागा पक्की झाली की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात किंवा नगरपालिकेत जाऊन नोंद करायची. कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता छापून मिळतो. तेवढ्यात जूमिनह्योची, म्हणजे रहिवासी नोंदीची, एक प्रतही काढून घ्या. घरापासून ऑफिसपर्यंत कुठे ना कुठे ती लागतेच. १२ आकडी माय नंबर, म्हणजे प्रत्येक रहिवाशाचा सरकारी ओळख क्रमांक, नंतर टपालाने घरी येतो. त्याचं प्लॅस्टिकचं कार्ड मात्र आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. तो पहिल्याच आठवड्यात करून टाका. पुढे पेपेसाठी, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायच्या ॲपसाठी, हेच कार्ड कामाला येतं.

मग फोन. बँकेला फोन नंबर हवा आणि फोन कंपनीला बँक खातं किंवा कार्ड हवं, असं हे चक्र आहे. ते फोनकडून तोडणं सोपं, कारण परदेशी क्रेडिट कार्ड किंवा दुकानात रोख भरणा स्वीकारणाऱ्या सिम कंपन्या इथे आहेत. मात्र सिम घेताना फक्त डेटाचं घेऊ नका. ०९०, ०८० किंवा ०७० ने सुरू होणारा, आवाजी कॉलचा नंबर घ्या. ०५० ने सुरू होणाऱ्या इंटरनेट नंबरांवर बहुतेक वेळा एसएमएस येत नाहीत, आणि इथली सगळी ॲप्स एसएमएसवरच्या कोडनेच उघडतात. महिन्याला चार पैसे वाचवायला डेटा सिम घेतलेल्या मुलांना दोन महिन्यांनी सगळं पुन्हा करावं लागतं.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते: खालच्या पत्रपेटीवर आपलं नाव लावा. बँकेचं कॅश कार्ड नोंदणीकृत टपालाने येतं आणि ते दुसऱ्या पत्त्यावर पुढे पाठवायची परवानगी नसते. पेटीवर नाव नसेल आणि पोस्टमनला खात्री पटली नाही तर पाकीट बँकेकडे परत जातं, आणि अर्ज रद्द होऊ शकतो. तुम्ही घरी नसाल तर तो एक चिठ्ठी टाकून जातो. पोस्ट ऑफिस ते पाकीट सात दिवस ठेवतं. चिठ्ठीवर पुन्हा डिलिव्हरी मागण्याची सोय असते. ती जाहिरात समजून टाकून देऊ नका.

आता नाव. रेसिडेन्स कार्डावर नाव पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत येतं, आडनाव आधी. आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, त्यामुळे कार्डावर ‘जोशी समीर विजय’ असा तिपेडी प्रकार होतो. जपानी माणसाचं नाव दोन भागांचं. फॉर्ममध्येही रकाने दोनच: आडनाव आणि नाव. मग ‘विजय’ कुठे घालायचं? उत्तर एकच: कार्डावर आहे तर ते घालायचंच, दुसऱ्या रकान्यात समीरच्या पुढे. अनेकजण सोयीसाठी ते गाळतात, आणि फोटोवरून ओळख पटवणारी बँक ‘नाव जुळत नाही’ म्हणून अर्ज परत पाठवते.

खरी गोची काताकानाची, म्हणजे परदेशी नावं उच्चारावरून लिहायच्या जपानी लिपीची, आहे. जपानमधले बँक व्यवहार आतून काताकाना लिपीत चालतात. पैसे पाठवताना खातेदाराचं नाव त्याच लिपीत जातं. पण रेसिडेन्स कार्डावर काताकाना नसतंच! म्हणजे तुमच्या नावाचं काताकाना रूप पहिल्यांदा ठरवता ते तुम्हीच, एखाद्या फॉर्मवर, घाईघाईत. जोशीचं ‘जोशि’ होतं, ‘जोओशि’ होतं, ‘जोओशिइ’ही होतं. पाटीलमधला ‘टी’ तिथे नाही, म्हणून ‘पातिरु’ येतं, कुणी ‘पातीइरु’ लिहून देतं. कुलकर्णींचं ‘कुरुकारुनि’. विजयमधल्या ‘वि’ची दोन रूपं आहेत, ‘बि’सारखं आणि ‘वि’सारखं, आणि यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. एचआरच्या मदतनीसाने कंपनीच्या फॉर्मवर एक रूप लिहिलं, बँकेच्या काउंटरवरच्या बाईंनी आपल्या कानाला लागलं तसं दुसरं, की पहिला पगार अडकलाच म्हणून समजा. चुकीच्या नावावर पाठवलेली रक्कम पाठवणाऱ्याकडे परत जाते, आणि परत फिरवून घ्यायचं शुल्क वेगळं पडतं.

म्हणून पहिला फॉर्म भरायच्या आधीच एक रूप ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि वॉर्ड ऑफिस, बँक, कंपनी, सिम, सगळीकडे तोच दाखवा. काउंटरवर कुणी ‘असं लिहू का?’ म्हणून विचारलं तर मान डोलावू नका, फोटो पुढे करा. खातं निघाल्यावर पासबुकाच्या आतल्या पानावर किंवा ॲपमध्ये छापून आलेलं रूप हे अंतिम. कंपनीला तेच द्या, स्वतः उच्चार सांगू नका.

बँक कोणती? इथे कायद्याची एक अट आहे. जपानच्या परकीय चलन कायद्यानुसार, इथल्या कार्यालयात नोकरी करणारा परदेशी माणूस आल्यापासूनच निवासी धरला जातो. बाकीच्यांना, म्हणजे विद्यार्थी वगैरे, सहा महिने राहिल्यावर निवासी धरतात. तोवर अनिवासी. अनिवासी खात्यावरून देशातल्या देशात पैसे पाठवण्यावरही बंधनं असतात, म्हणून बऱ्याच बँका सहा महिने पूर्ण व्हायच्या आत तुम्हाला दारातूनच परत पाठवतात. नोकरीवाल्यांनी कंपनीचं ओळखपत्र किंवा नोकरीचा दाखला घेऊन जावं, म्हणजे हा प्रश्न तिथेच सुटतो. विद्यार्थ्यांसाठी युचो, म्हणजे जपान पोस्ट बँक, हाच सरळ मार्ग. कॉलेजचं ओळखपत्र बरोबर न्या. आणि सहा महिने झाले की बँकेला स्वतः जाऊन तसं सांगा. खात्याचा दर्जा बदलून घेतल्यावरच पूर्ण सुविधा सुरू होतात. हा टप्पा बहुतेक मुलं विसरतात.

सोनी बँक, एसबीआय शिनसेई, एसएमबीसीचं प्रेस्टिया यांच्याकडे इंग्रजीतली सेवा चांगली आहे. (इथल्या एसबीआयचा आपल्या स्टेट बँकेशी संबंध नाही, गोंधळ करू नका.) माझं मत विचाराल तर पगारासाठी कंपनी सांगेल ती बँक, आणि रोजच्या व्यवहारासाठी इंग्रजी ॲप असलेली एक नेट बँक, अशी दोन खाती पुरेशी आहेत. त्याहून जास्त उघडू नका. प्रत्येक खात्याची मुदत सांभाळावी लागते, त्याबद्दल पुढे लिहिलंय. शिक्का, म्हणजे हांको, आता बऱ्याच ठिकाणी लागत नाही, सही चालते. बँकेचे काउंटर दुपारी ३ ला बंद होतात, युचोचे साधारण ४ ला.

युचोच्या खात्याची एक खास भानगड आहे. जपानमधल्या बाकी बँकांचा खाते क्रमांक सात आकडी, त्याच्या आधी तीन आकडी शाखा क्रमांक आणि चार आकडी बँक क्रमांक. युचोच्या पासबुकावर मात्र पाच आकडी ‘किगो’ आणि साधारण आठ आकडी ‘बांगो’ असतो. दुसऱ्या बँकेतून पैसे येणार असतील तर हे दोन जसेच्या तसे देऊन चालत नाहीत, रूपांतर करावं लागतं. साध्या बचत खात्याचा किगो १ ने सुरू होतो. त्याचा दुसरा आणि तिसरा आकडा घ्या, पुढे ८ लावा: झाला शाखा क्रमांक. किगो १०१८० असेल तर ०१ आणि ८, म्हणजे ०१८. बांगोच्या शेवटचा १ काढून टाका: १२३४५६७१ चं १२३४५६७. उरलेले आकडे सातपेक्षा कमी असतील तर पुढे शून्यं लावायची. बँक क्रमांक ९९००. कंपनीच्या फॉर्मवर हे असं लिहायचं. पासबुकाच्या आतल्या पानावर ते छापून मिळू शकतं, पण फॉर्म भरताना लोक किगो-बांगोच उतरवतात आणि फसतात.

देशांतर्गत पैसे पाठवण्याला फुरिकोमी म्हणतात. २०१८ च्या ऑक्टोबरपासून बहुतेक बँकांमध्ये ते चोवीस तास चालतं. बँक, शाखा, खाते क्रमांक घातला की समोरच्याचं काताकाना नाव पडद्यावर येतं. ते वाचूनच पुढचं बटण दाबा. शुल्क लागतं, पण नेट बँका महिन्यातून ठरावीक वेळा फुकट देतात. ‘कोतोरा’ नावाची सोय असलेल्या ॲपमधून एका वेळी १ लाख येनपर्यंतची रक्कम फुकटात जाते. ही २०२२ मध्ये सुरू झाली आणि नव्याने आलेल्यांना कुणी सांगतच नाही. एटीएमवर रोख घालून फुरिकोमी करायची असेल तर मर्यादा १ लाख येन. कॅश कार्डाचा पिन चार आकडी असतो. लागोपाठ चुकीचा दाबला की कार्ड बंद, आणि मग काउंटरच्या वेळा गाठाव्या लागतात.

वीज, गॅस, पाण्याची बिलं बारकोडच्या चिठ्ठीने घरी येतात आणि कुठल्याही कोन्बिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टसारख्या चोवीस तासांच्या दुकानात, भरता येतात. तिथे सहसा रोखच लागते. खात्यातून आपोआप कापून घ्यायचा फॉर्म भरलात तरी तो लागू व्हायला महिना-दोन महिने जातात. तोवर येणाऱ्या चिठ्ठ्या भरत राहा, ‘फॉर्म दिलाय’ म्हणून बाजूला ठेवू नका.

आता मोबाइल. यूपीआयची सवय झालेल्या माणसाने एक फरक आधी समजून घ्यावा. यूपीआयमध्ये पैसे थेट बँकेतून बँकेत जातात. जपानमधली सुइका आणि पेपे ही दोन्ही मुळात पाकिटं आहेत: आधी पैसे भरा, मग खर्च करा. पाकिटातून परत बँकेत आणणं हा वेगळाच विषय.

सुइका हे रेल्वेचं कार्ड, पण दुकानं, व्हेंडिंग मशीन, लॉकर सगळीकडे चालतं. एका वेळी २०,००० येनच ठेवता येतात. ते सोनीच्या फेलिका नावाच्या, रीडरजवळ नुसतं धरून चालणाऱ्या चिपच्या तंत्रावर चालतं, आणि इथेच भारतातून आणलेल्या फोनची परीक्षा होते. आयफोन ८ किंवा त्यानंतरचा असेल तर तो कुठल्याही देशातला असो, सुइका त्यात बसते. अँड्रॉइडचं तसं नाही. जपानमध्ये विकलेल्या मॉडेलांतच ही सोय चालू असते. पुण्याहून आणलेला अँड्रॉइड कितीही महागाचा असला, त्यात एनएफसी असलं, तरी मोबाइल सुइका चालणार नाही. त्यांनी साधं प्लॅस्टिक कार्ड वापरावं, काही बिघडत नाही. आयफोनवाल्यांना भारतातल्या कार्डाने सुइकात पैसे भरता आले नाहीत, तर कोन्बिनीत काउंटरवर रोख देऊन फोन रीडरवर ठेवायचा. पैसे जमा होतात. जुनं प्लॅस्टिक कार्ड फोनमध्ये उतरवलं की ते प्लॅस्टिक कायमचं निकामी होतं, मात्र त्याची ५०० येन अनामत शिलकीत जमा होते.

पेपे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सॉफ्टबँक आणि याहू जपानने सुरू केलं, आणि त्याच्या तंत्रज्ञानाला पेटीएमची मदत होती. त्यामुळे भारतीय माणसाला ते हाताळताना ओळखीचं वाटतं. छोट्या रामेनच्या दुकानात, भाजीवाल्याकडे, जिथे कार्ड घेत नाहीत तिथेही लाल-पांढरा क्यूआर दिसतो. पैसे द्यायच्या दोन पद्धती. मोठ्या दुकानात तुमचा बारकोड दाखवायचा, ते स्कॅन करतात. लहान दुकानात तुम्ही त्यांचा क्यूआर स्कॅन करून रक्कम स्वतः टाकायची आणि ‘देय’ दाबायच्या आधी दुकानदाराला पडदा दाखवायचा. हा शिष्टाचार पाळाच, नुसतं ‘पेपे!’ असा आवाज आला म्हणून निघून जायचं नसतं.

ॲप चालू व्हायला जपानी मोबाइल नंबर पुरेसा आहे. सेव्हन बँक किंवा लॉसन बँकेच्या एटीएममध्ये नोटा घालून पाकीट भरता येतं. पण ओळख पडताळणी करून घेतली नसेल तर तो पैसा ‘मनी लाइट’ या कप्प्यात जातो, आणि मनी लाइट बँकेत काढता येत नाही. खर्चच करावा लागतो. पडताळणीनंतर बँकेतून किंवा एटीएममधून भरलेला पैसा ‘पेपे मनी’त जातो आणि तो काढता येतो: पेपे बँकेत फुकट, दुसऱ्या बँकेत शुल्क देऊन. म्हणून पडताळणी आधी, मोठी रक्कम नंतर. पडताळणीसाठी माय नंबर कार्ड फोनच्या मागे धरून चिप वाचवतात. चिपचे पासवर्ड दोन आहेत: एक चार आकडी, एक ६ ते १६ अक्षरांचा. पहिला तीनदा चुकला की बंद, दुसरा पाचदा. एक-दोन वेळा चुकला तर थांबा, घरी लिहून ठेवलेला कागद शोधा. आणि बँक खातं जोडताना पुन्हा तेच काताकाना! पेपेवरचं रूप आणि बँकेतलं रूप वेगळं असेल तर जोडणी फसते, आणि पडद्यावर कारण धड लिहिलेलं नसतं.

नंबर बदलायचा असेल तर जुनं सिम चालू असतानाच पेपेमध्ये नवा नंबर नोंदवा. जुना गेल्यावर आतले पैसे मिळवायला फार खटपट पडते.

क्रेडिट कार्डाची घाई करू नका. नव्या माणसाची इथे पत-नोंद कोरी असते. एकाच आठवड्यात चार कंपन्यांकडे अर्ज केलात तर ते चारही अर्ज पत-नोंदीत सहा महिने दिसत राहतात आणि पुढची कंपनी त्यावरूनच नाही म्हणते. एक अर्ज, नकार आला तर सहा महिने थांबायचं. तोवर डेबिट कार्ड. हप्त्याने फोन घेतला असेल तर त्या हप्त्यांचीही नोंद तिथेच होते. वेळेवर भरलेले हप्ते उपयोगी पडतात, थकलेला एक हप्ता त्रास देतो.

घरी पैसे पाठवताना बँक असो की वाइजसारखी सेवा, माय नंबर आधी नोंदवावा लागतो. पाठवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांना एका वेळी १० लाख येनचीच मुभा असते. भारतातलं खातं कुठलं हेही बघा: परदेशी राहायला गेल्यावर आपलं साधं बचत खातं फेमा या भारतीय परकीय चलन कायद्याप्रमाणे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातलं साधं खातं, करून घ्यावं लागतं, आणि इथला पगार पाठवायला एनआरई खातं उघडावं, त्यातले पैसे पुन्हा बाहेर नेता येतात. आणखी एक: २०२३ च्या जानेवारीत यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अनिवासी भारतीयांना परदेशी नंबरावरून यूपीआय वापरायची मुभा दहा देशांपुरती दिली. त्या दहांत सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन आहेत, जपान नाही. त्यामुळे जपानी नंबर मिळाला म्हणून भारतातलं सिम बंद करायची घाई नको. रिचार्ज चालू ठेवा, ओटीपी तिथेच येणार आहेत.

आता ज्या गोष्टीने वर्षं-दोन वर्षं सुरळीत चाललेली खाती एका दिवसात अडतात ती: मुदत. बँकेकडे तुमच्या रेसिडेन्स कार्डाची शेवटची तारीख नोंदलेली असते. नवं कार्ड मिळालं की ते दाखवणं ही तुमची जबाबदारी. बँक पत्र पाठवते, ते जपानीत असतं, पेटीत पडून राहतं, आणि तारीख उलटली की पैसे काढणं, पाठवणं थांबतं. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला असेल आणि निकाल आला नसेल तर कायद्याने दोन महिन्यांपर्यंतची सवलत मिळते. इमिग्रेशनमध्ये स्वतः जाऊन अर्ज केला तर कार्डाच्या मागे तसा शिक्का असतो. ऑनलाइन केला तर शिक्का नसतो, म्हणून पोचपावतीची ईमेल छापून बँकेत दाखवा. माय नंबर कार्डाची मुदतही व्हिसाबरोबर संपते आणि ती आपोआप वाढत नाही. नवं रेसिडेन्स कार्ड हातात आलं की लगेच वॉर्ड ऑफिसात जाऊन, जुनी तारीख उलटायच्या आधी, ती वाढवून घ्या. उलटली तर कार्ड नव्याने काढावं लागतं, आणि पेपे वगैरेंची पडताळणी अडते ती वेगळीच.

परत जाताना खाती बंद करा. ‘तुझं खातं आणि कार्ड दे, पैसे देतो’ असं सांगणारे लोक शेवटच्या आठवड्यात समाजमाध्यमांवर नेमके भेटतात. खातं विकणं किंवा वापरायला देणं हा जपानमध्ये गुन्हा आहे. त्या खात्यातून फसवणूक झाली की तुमचं नाव पोलिसांकडे जातं आणि पुन्हा व्हिसा मिळणं अवघड होतं. विद्यार्थ्यांना हे कुणीतरी आधीच स्पष्ट सांगायला हवं. बंद करताना क्रम असा: आधी पेपेतले पैसे बँकेत आणा, सुइका कार्ड रेल्वेच्या काउंटरवर देऊन शिल्लक आणि ५०० येन घ्या, फोन आणि वीज यांची शेवटची बिलं कशी भरायची ते ठरवा, शेवटचा पगार जमा झाल्यावर पैसे भारतात पाठवा, आणि मग पासबुक, कॅश कार्ड, रेसिडेन्स कार्ड आणि शिक्का लावला असेल तर तो शिक्का घेऊन काउंटरवर जा. शेवटचा पगार तुम्ही निघाल्यावर येणार असेल तर कंपनीशी आधी बोला, परदेशी खात्यात पाठवता येईल का ते लेखी घ्या. जपानी पेन्शनची एकरकमी परतफेड मागणार असाल तर देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो, ती भारतातल्या खात्यातही मिळते, आणि कर्मचारी पेन्शनमधली असेल तर तिच्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. तो परत मागायला जपानमध्ये राहणारा कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. त्याच्या खात्यात ते पैसे येतात, म्हणून विश्वासाचा माणूस निघायच्या आधीच ठरवून कर कार्यालयात त्याचं नाव नोंदवून जा.